ब्लाउजवरची काळी पिन

ब्रेमरहाफेन बंदरात चर्चने खलाशांसाठी चालवलेल्या विसाव्यात मिलाग्रोसबाई कॉफी ओतत होत्या. शेजारच्या टेबलावर क्रूझवरचा आचारी आर्नेल मनिलातल्या आईशी व्हिडिओवर बोलत होता. मायबोली कानावर पडली, म्हणून बाई ऐकत राहिल्या.

"आई, बाबांना दे ना. चारला जहाज सुटतंय."

"झोपलेत रे."

"मागच्या बंदरातही झोपलेच होते! उठव म्हाताऱ्याला."

"गोळीनं गुंगी येते त्यांना. तू जेवलास का?"

"आचाऱ्याला विचारतेस? फोन नीट धर, नुसतं छत दिसतंय. हं, दिसलीस. आई, ब्लाउजवर काळी पिन कसली?"

"अगं बाई! काढायची राहिली."

"आपल्यात घरातलं कुणी गेलं की ही वर्षभर लावतात. कुणासाठी लावलीस?"

"तुझं कंत्राट संपेपर्यंत सांगू नका, असं त्यांनीच बजावलं होतं रे."

"कधी गेले?"

"मार्चमध्ये."

"जूनमध्ये मी त्यांना वाढदिवसाचा मेसेज केला. 'सुखी राहा पोरा', असं उत्तर आलं. ते कुणी लिहिलं?"

"मीच."

दारातून पाद्रीबाबांनी हाक दिली, "चला, जहाजाकडे गाडी निघाली!"

मिलाग्रोसबाईंनी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली.