पंचक्रोशीची थकान

— बस ना जयू. त्या बाकावर नको, तिथे स्पिरिट सांडलंय. तुझ्या वडिलांच्या रक्ततपासणीचा कागद ना, भय्यासाहेबांचा? आहे माझ्याजवळ, जातो कुठे! पण तुझी आई, अक्का, अजून जेवत नाहीत म्हणतेस? अरे देवा. सारखं तेच म्हणतात ना — मीच त्यांना ओढून नेलं पंचक्रोशीच्या यात्रेला, वैशाखाच्या उन्हात पाच दिवस चालवलं, माझ्यामुळेच गेले? ऐकलंय मी. ह्या कानांनी ऐकलंय.

हे मशीन बघ. नवा मध्य प्रदेश झाला नि हे आलं — इंदूरला महिनाभर राहून शिकलो, फ्रीगंजमध्ये दुसऱ्या कुणाला येत नाही — काय ऐट होती मला! हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं, ते ह्यावर मोजायचं. चाळीसपर्यंत ठीक. आता खूप चाललं, पाय दमले, तरी ते वाढतं — हेही शिकवलं होतं. थोडं, बरं का. थोडं.

यात्रेहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना इथे पाठवलं. पायांना फोड, एक हात छातीवर, आणि हसतायत — 'प्रभाकर, नागचंद्रेश्वराला मातीचा घोडा वाहिला, यात्रेसाठी त्याच्याकडून घेतलेलं बळ परत केलं, आता रक्त तेवढं राहिलंय, ते तू घे!' आकडा आला एकशे ऐंशी. मग काय केलं मी? पुन्हा तपासलं? नाही तपासलं. एवढं चालल्यावर येणारच, म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं तर — 'साहब, कुछ नहीं, पंचक्रोशी की थकान है.' कागद खणात टाकला. वर भय्यासाहेबांना सांगितलं, तेल लावा, जरा चाला-फिरा, पाय मोकळे होतील. डॉक्टरांनी आकडा पाहिला असता तर महिनाभर पलंगावरून उतरू दिलं नसतं गं. आणि ते तिसऱ्या दिवशी माधव नगरहून भाजी घेऊन पायी निघाले, नि वाटेतच —

बैठ, बैठ. रडू नको. नाही — रड.

वाचले असते का? कोण सांगणार. पण संधी होती ना, ती मी घालवली. आणि एवढ्यावर भागलं नाही — हे तुला सांगणार नव्हतो मी — तुमच्याकडे भेटायला आलो तेव्हा अक्कांनी हात जोडून विचारलं, 'तू रक्त पाहिलंस, चालल्यानंच झालं ना रे?' आणि मी मान हलवली. 'एवढ्या उन्हात न्यायला नको होतं अक्का' — माझ्याच तोंडानं म्हणालो! तेव्हापासून जेवत नाहीत त्या. मला माहीत आहे, दिवस मोजतोय मी.

हा घे कागद. त्याच्या मागे लिहून सही केलीय — आकडा मी पाहिला होता, मी दाबला. अक्कांना आज वाचून दाखव, ताट वाढायच्या आधी. डॉक्टरांकडे मी स्वतः जातो. माफी? माझ्यासाठी एक शब्द काढायचा नाही तिथे, समजलं?

जा आता. मी खोलीला कुलूप घालून निघतोच. जा म्हटलं ना — आणि बाहेर बसलेत त्यांना सांग, आज इथे रक्त घेणार नाहीत.