उसनं लेकरू

माहेर माहं शाहपुरचं, बाप केळीच्या बागेत मजुरी करे, आई बाळंतिणींची मालिश करे, तिच्यापाशीच माहा हात बसला, अन् लगन होऊन शहरात, शनवारा मोहल्ल्यात आली तं इथंबी तेच काम लागलं. काय सांगू तुम्हाला, लोकांले वाटते मालिश म्हणजे जोर. जोर नाही बापा. दूध दाटलं की थान दगडावानी होते, पदर लागला तरी बाई कळवळते. गरम कपड्यानं शेकायचं, मंग ताज्या भाकरीचा पापुद्रा फुटू नये अशा हातानं हळूहळू उतरवायचं.

आझादीनंतरचीच गोष्ट, लालबागेत स्टेशनाजवळ सिंधी लोक येऊन उतरले होते, घरदार सोडून आलेले, अन् आमच्या गल्लीतले लोक त्यांच्यापासून चार हात दूरच राहत. त्याच वक्ती शेजारची सुमन बाळंत झाली, पहिलटकरीण, पोरगं दिवस भरायच्या आधीच आलेलं, मुठीएवढं, त्याच्यात ओढायची ताकदच नाही. दूध चढलं अन् उतरेना. अंगात बुखार. मी शेकलं, एरंडाची पानं बांधली, थेंब थेंब आलं अन् बंद. माहा हात हारला. सुमन म्हणे मावशी, दूध जळालं तं माहं लेकरू काय पिईन? मले रडूच आलं, खोटं काऊन सांगू.

मी म्हटलं, ओढणारं तोंड पाह्यजे, लेकरू उसनं आणू. लालबागेत एका सिंधी बाईचं होतं, बिचारीचं दूध वाटेतच आटलेलं, पोरगं बकरीच्या दुधावर. सुमनची सासू भडकली, म्हणे कोण कुठले लोक, माह्या नातवाच्या वाटचं त्यांच्या पोराले? सुमन उठून बसली, म्हणे आत्याबाई, नातवाच्या वाटचं माह्या अंगातच सडून राहिलं, आण वं मावशी.

मी लालबागेत जाऊन सांगितलं, तं ती बाई पोराले काखेत घेऊन तशीच निघाली. पोरगं सुमनच्या थानाले असं बिलगलं, सुमन किंचाळली, अन् मंग उतरलं बाई दूध, तिचे डोळेबी वाहू लागले. थान नरम पडलं, मी दूध काढून तिच्या लेकराले बोंडल्यानं पाजलं, अन् हळूहळू तेबी ओढाले शिकलं.

मंग मी म्हटलं, आता त्या पोराची गरज नाही, येऊ नोको म्हणून सांगते. तं सासूच म्हणे, काऊन वं? आपली गरज सरली, त्याची भूक सरली का? येऊ दे त्याले. अन् त्याच्या आईले म्हण, जेवूनच जात जाय.

गेली बिचारी सासू. आता माहे सांधे धरले, पोरी अस्पतालात जातात, चांगलंच हाय. कोणाचंबी लेकरू उपाशी नोको झोपो, एवढंच मागते.