पाय उचलल्यानंतरचा ठोका

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, जातीने लोहार आणि धंद्यानेही, पण माझा जन्म लालबागचा, गावाशी माझा संबंध म्हणाल तर देवाच्या नारळापुरता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. म्हणतो असंच म्हणायचं, कारण ते आहेत, नव्वदीला टेकलेत, आत झोपलेत. गेला तो माझा भाऊ. वसंत त्याचं नाव, मी दादा म्हणायचे. मी शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त झाले, लग्न केलं नाही, ते राहू दे, तो वेगळा विषय.

चाळीच्या मागे अण्णांचा गाळा. आधी गिरण्यांची कामं असायची, गिरण्या गेल्यावर रस्ते खणणाऱ्यांच्या पहारी, टिकाव, पाथरवटांच्या छिन्न्या. गाळ्यात पॉवर हॅमर होता, आम्ही नुसता हॅमर म्हणायचो. तो कसा असतो हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुरुषभर उंचीचा बिडाचा सांगाडा, डोक्यावर ट्रकच्या पाट्यांसारखी स्प्रिंग, तिला टांगलेला घण, आणि बाजूला मोटरच्या पट्ट्यावर फिरणारं जड चाक. खाली पायपट्टी. ती दाबली की घण ऐरणीवर धडाधड पडायला लागतो, पाय उचलला की थांबतो. थांबायला हवा.

पहार लांब असली की अण्णांचे दोन्ही हात तिच्यात गुंतायचे, म्हणून पायपट्टीवर दादा. नुकतं लग्न झालेलं त्याचं. एक दिवस असंच काम चाललेलं, अण्णा म्हणाले बस, घण वर गेला, अण्णांनी लोखंडाची खपली झाडायला उजवा हात आत घातला आणि घण पुन्हा खाली आला. एकदाच. तीन बोटं गेली.

अण्णा म्हणाले, याने पाय उचलला नाही. दादा म्हणाला, मी उचलला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, ललू, मी पाय उचलला होता गं, देवाशप्पथ. पण रक्ताने भरलेला बाप एक सांगतो आणि धडधाकट मुलगा दुसरं सांगतो, तेव्हा चाळ कुणाचं ऐकणार. अण्णांनी हॅमरवर गोणपाट टाकलं, पुढे माणसं ठेवून हातघणावर काम चालवलं, पण हॅमरला कुणाला हात लावू दिला नाही, आणि दादाला गाळ्यात पाऊल टाकू दिलं नाही.

दादा वडाळ्याला एका गोदामावर वॉचमन झाला. नायगावला बीडीडी चाळीत बिऱ्हाड केलं. लोखंडाला पुन्हा शिवला नाही. पण काय सांगू तुम्हाला, दर रविवारी तो अण्णांची दाढी करून द्यायला यायचा, आणि अण्णा गालाला फेस लावून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, जपून रे, बाकीचं तरी राहू दे. शेजारी हसायचे. दादाही हसायचा. गणपतीत पाहुणे आले की अण्णा तो हात पुढे करून दाखवायचे, हे आमच्या चिरंजीवांचं काम. वहिनीच्या देखत, मुलांच्या देखत, इतकी वर्षं. मी एकदा म्हटलं, अण्णा, पुरे. तर म्हणाले, तुझी बोटं जाग्यावर आहेत, तुला काय.

गेल्या वर्षी दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि संपलं. तेराव्याला अण्णा जेवता जेवता म्हणाले, वसंता माणूस चांगला होता, पायाने घात केला त्याच्या. मी पानावरून उठले.

पुढे चाळ पाडायची ठरली, गाळा रिकामा करायचा होता, भंगारवाला हॅमर न्यायला आला. मी त्याला परत पाठवलं. मला हॅमर एकदा चालू करून बघायचा होता. दुसरं काही नको, पाय उचलल्यावर तो थांबतो की नाही, एवढंच.

परळहून बाळू मेस्त्रींना आणलं, जुने गिरणीतले फिटर. गोणपाट काढून त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ताई, ह्यो रेडो मेलो नाय, निजलो हा. मी म्हटलं, उठवा, पण घण थांबवायचा जो काही भाग असेल त्याला हात लावू नका, आहे तसा राहू दे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. रॉकेल ओतून ओतून गंज सोडवला, दगड झालेलं ग्रीस खरवडून काढलं, मोटरला नवी वायर, नवा पट्टा. मी रोज स्टूल टाकून बसायचे. तेव्हा मला हॅमर कळला. पाय उचलला की पट्टा सैल पडतो, पण चाक जड, ते आपल्या वेगात फिरत राहतं, त्याला आवळून धरायला चामड्याचा ब्रेक असतो. आमच्या हॅमरचं चामडं झिजून पार गेलेलं, आतले खिळे चाकाला घासून त्यांचे चरे उमटलेले, आणि त्या चऱ्यांवर गंज चढलेला. म्हणजे चरे जुने, गोणपाट पडायच्या आधीचे.

मेस्त्रींनी घणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, पायपट्टी दाबली, आणि सोडली. घण वर जाऊन थांबल्यासारखा झाला, मग पुन्हा एकदा खाली आला. ठोकळा फुटला. माझो पाय वर आसा, बघितल्यात मा, मेस्त्री म्हणाले. मी बघितलं. दोन वीत वर होता.

नवं चामडं लावल्यावर अण्णांना खुर्चीवर बसवून गाळ्यात आणलं. मेस्त्रींनी हॅमर चालवून दाखवला, पाय उचलताच घण जागच्या जागी थांबला. अण्णा खूश झाले. म्हणाले, आता कसा बरोबर थांबतो. वसंता बोटं जायच्या आधीच बोललेला, अण्णा, ब्रेकचं चामडं गेलंय, बदलूया. मीच म्हटलं, दिवाळीनंतर बघू. आणि मग मेस्त्रींकडे वळून, तुमचं गाव कुठलं.

मी म्हटलं, अण्णा, मग इतकी वर्षं त्याला का बोललात. तर म्हणाले, अगं, लोक विचारायचे, काहीतरी सांगायला लागायचं ना. रागाने नाही, ओशाळून नाही. भाजी महाग झाली म्हणावं, तसं.

दुसऱ्या दिवशी नायगावला गेले. वहिनी कोळंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं, चामडं, चरे, ठोकळा, अण्णा काय म्हणाले ते. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, ताई, तुम्हाला मशीन उघडून बघावं लागलं. मला हे एकदाच म्हणाले होते, मी पाय उचलला होता, तेवढं पुरलं. मग म्हणाली, आता हे सांगू कुणाला, हसणारे सगळे वर गेले. बसा, जेवून जा.

हॅमर एका सुऱ्या घडवणाऱ्या मुलाने नेला. छान चालतो म्हणतो.

अण्णा उठतील आता, त्यांना उठल्या उठल्या चहा लागतो. मीच देते, दुसरं कोण आहे. पूर्वी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांना आयुष्य दे म्हणून मागायचे. हल्ली मागत नाही. वाईटही मागत नाही. नुसता दिवा लावते.