हेक्टरच्या डबीतली निळी माशी

मर्डो : ...अन् गळाच्या दोराचं हे रीळ एवढं कुणी घासलं?

इशबेल : मी. राख लावून. आरशागत झालंय की नाही?

मर्डो : झालंय. त्याच्यावरचा जुना काळपटपणा हीच त्याची किंमत होती, वहिनी. नवऱ्याचं सामान विकायला काढलं की बायकांना भांडी घासायची हुक्की का येते, देव जाणे!

इशबेल : तुमच्या दुकानात मळकं आणलं असतं तर स्पे नदीच्या दोन्ही काठांवर बोंब झाली असती, हेक्टर गेला अन् बायको गबाळी झाली म्हणून. गळाची काठी बघा. माझं धुराडं पडायला आलंय, भावजी, तेवढं निघालं पाहिजे.

मर्डो : काठी झकास आहे. बांबूच्या सहा कामट्या चिकटवल्यात, पण सांधा दिसतोय कुठं? टांगून ठेवलेली दिसतेय. भिंतीला टेकवली असती तर वाकली असती.

इशबेल : माझ्या कपाटात टांगलेली. लग्नाचा झगा माळ्यावर गेला, काठी हलली नाही. अन् तो रेशमी दोर! नदीवरून आला की चार खुर्च्यांना गुंडाळून वाळवायचा. आम्ही उभ्यानं जेवायचो.

मर्डो : म्हणून तर कुजला नाही. फक्त दोर ओवायची ही कडी मूळची नाही. केसांचा आकडा वाकवून बसवलाय.

इशबेल : बघू? अहो, हा माझा चांदीचा आकडा! हाच माणूस कंदील घेऊन माझ्याबरोबर घरभर शोधत होता!

मर्डो : सापडला म्हणायचा. आता गळाला बांधलेल्या खोट्या माश्यांची डबी. ही तांबडी माशी लोकरीची...

इशबेल : चहा गरम राहावा म्हणून किटलीला घालते, त्या टोपड्याची लोकर.

मर्डो : अन् ह्या करड्या केसांच्या...

इशबेल : आमचा कुत्रा! शेपटीचे केस गेले तर खरूज झाली म्हणाला होता हेक्टर. मी महिनाभर मलम चोळलं हो त्या मुक्या जिवाला.

मर्डो : मासे मात्र धडाधड लागायचे त्याला. थांबा... ही निळी कुठली? वहिनी, खुर्ची घ्या.

इशबेल : का? झुरळ आहे?

मर्डो : असलं निळं पीस आता मिळत नाही. समुद्रापलीकडचा पक्षी आहे, पूर्वी बड्या बायकांच्या टोप्यांवर यायची ही पिसं. अन् हिला पाणी शिवलेलंच नाही. बांधली अन् लपवून ठेवली. काठी, रीळ सगळं राहू द्या, ह्या एका माशीत तुमचं धुराडं उभं राहील.

(इशबेल खुर्चीत बसते.)

मर्डो : पाणी देऊ?

इशबेल : रोनाची टोपी.

मर्डो : कुणाची?

इशबेल : माझ्या बहिणीची. आईनं तिला दिलेली. मी एका लग्नापुरती मागून आणली अन् परत दिली तर एका बाजूनं टक्कल! ती म्हणाली, तू उपटलीस. मी म्हणाले, तुझ्याच घरची कसर. त्यावर बोलणं तुटलं ते आजतागायत. दर रविवारी चर्चला तीच टकली टोपी घालून बरोबर माझ्या पुढच्या बाकावर बसते. टक्कल माझ्याकडं करून!

मर्डो : अन् हेक्टर?

इशबेल : तो मध्यस्थी करायचा! मोसमातला पहिला मासा दरवर्षी स्वतः नेऊन द्यायचा तिला. मी म्हणायचे, काय मन आहे माझ्या नवऱ्याचं! मेल्या, वर आले की बघते तुला.

मर्डो : पण पाण्यात टाकायची छाती नाही झाली हो त्याची. तेवढी लाज होती.

इशबेल : मासे लाजेनं पोचवले, पण तोंड नाही उघडलं. काठी घ्या. रीळ घ्या, लागेल तेवढा भाव पाडा. ही द्या इकडं.

मर्डो : अन् धुराडं?

इशबेल : अजून एक हिवाळा खोकू.

मर्डो : बरं. मग उन्हात ठेवू नका. डब्यात डांबरगोळी टाका, नाहीतर खरोखरची कसर लागेल. थांबा, कापसात बांधून देतो.

इशबेल : बांधू नका. गळ आहेच की तिला, टोपीत नीट अडकेल.

मर्डो : दारात उभं करील का ती तुम्हाला?

इशबेल : दारात कशाला? रविवारी पुढच्याच बाकावर असते. हात पोचतो माझा.