हिरानो-सेन्सेईंचं पत्र

(सप्टेंबर २०१३. जपानमध्ये, ग्योतोकु स्टेशनजवळ सुमेधा यांची समुपदेशनाची खोली. समोर प्रणिता आणि तिचा नवरा चारुदत्त.)

सुमेधा : थांबा, चारुदत्त. प्रश्न मी प्रणितांना विचारला होता.

चारुदत्त : सॉरी मॅडम, सवय झालीय. दीड वर्ष हेच काम केलंय ना. हिला जपानी येत नाही, आधीच्या समुपदेशक हिरानो-सेन्सेईंना इंग्लिश येत नाही. मी मध्ये.

प्रणिता : दुकानापुरतं येतं मला. पिशवी नको, गरम करून द्या, एवढं.

सुमेधा : इथे मराठीच बोलायचंय. म्हणून तर सेन्सेईंनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. त्यांचं पत्र कालच आलं, चार पानी.

चारुदत्त : पत्र? थेट तुम्हाला?

सुमेधा : आमच्यात तशी पद्धत आहे.

चारुदत्त : त्यात विशेष काही नसेल हो. सगळं जुनंच. आपण पाटी कोरी करून सुरुवात करू ना.

सुमेधा : करू. फक्त यात लिहिलंय ते बरोबर आहे का, तेवढं पडताळून घेते. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याने ते ऐकलेलं असावं, असं माझं मत आहे. ऐका हं प्रणिता. "भूकंपानंतर राहत्या इमारतीवर विश्वास उरलेला नाही. लिफ्टमध्ये छाती धडधडते. झोपताना अंगावर बाहेरचे कपडे, उशाशी बूट."

प्रणिता : हे कुणाचं आहे?

सुमेधा : तुमचं.

प्रणिता : नाही हो. लिफ्टबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

चारुदत्त : अगं, म्हणजे ढोबळमानाने...

सुमेधा : मग तुम्ही काय सांगितलं होतंत? पहिल्या दिवशीचं आठवतंय?

प्रणिता : न आठवायला काय झालं? म्हटलं, ह्या माणसावर माझा विश्वास राहिला नाही. त्या मार्चला, भूकंपाच्या वेळी, मी अकराव्या मजल्यावरून तीन वर्षांच्या ईश्वरीला कडेवर घेऊन जिना उतरले. शाळेच्या मैदानात बसून राहिले. ह्याचं ऑफिस ओतेमाचीला. गाड्या बंद होत्या, पण तिथून निशी-कसाईचं आमचं घर किती, तर दहा किलोमीटर. शेजारचे आजोबा पंच्याहत्तरीचे, ते त्याहून लांब शिंजुकूहून चालत आले. हा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दाढी करून.

सुमेधा : पत्रात यातलं काही नाही.

प्रणिता : काहीच?

सुमेधा : तुमच्या यजमानांबद्दल एवढंच आहे, "पती आधार देतात, प्रत्येक सत्राला न चुकता हजर."

प्रणिता : म्हणून ते नकाशे.

सुमेधा : कसले नकाशे?

प्रणिता : त्या बाई दर वेळी मला इमारतीची चित्रं दाखवायच्या. पाया किती खोल आहे, खांब वाकतात पण मोडत कसे नाहीत. मला वाटायचं, जपानी माणूस सरळ कधी बोलत नाही, इमारत म्हणजे आपला संसार असं काहीतरी सुचवत असतील. रोज लिफ्टने एक मजला जास्त चढा म्हणाल्या. मी म्हटलं, विश्वास असाच ठेवायचा असणार, थोडाथोडा. आणि ठेवला हो मी. मूर्खासारखा मजल्यामजल्याने ठेवला.

चारुदत्त : मीही यायचो ना तुझ्याबरोबर. रोज.

प्रणिता : यायचास. आतला दांडा घट्ट धरून उभा राहायचास.

सुमेधा : चारुदत्त, इथे फार बारीक गोष्टी लिहिल्यात. उशाशी बूट. टबात बसलं की पाणी हलतंय असं वाटणं. असं मनाने रचता येत नाही. कुणाचं आहे हे?

प्रणिता : बूट ह्याचेच असायचे. मला सांगायचा, कंपनीने तशी सूचना काढलीय.

चारुदत्त : मग काय करायला हवं होतं मी? बाई कंपनीने नेमलेली. तिच्यासमोर बसून माझ्याच तोंडाने म्हणायचं, 'ही म्हणते, हिचा नवरा भित्रा आहे'? तेही जपानीत, अदबीने? तुम्ही म्हणून बघा मॅडम एकदा.

सुमेधा : नाही म्हणवणार. खरं तर तुम्हाला त्या खुर्चीत बसवायलाच नको होतं. बाहेरचा दुभाषा आणायला हवा होता, सेन्सेई तिथे चुकल्याच. पण त्यांच्या चुकीत तुमची मावत नाही.

चारुदत्त : निघालो होतो मी त्या दिवशी. नदीवरच्या पुलापर्यंत आलो. पूल हलत होता, प्रणिता. बायका, म्हातारे, सगळे त्याच्यावरून चालले होते. मला पाऊल टाकवेना. परत ऑफिसात गेलो आणि टेबलाखाली बसलो. सकाळपर्यंत.

प्रणिता : अडीच वर्षांत हे तू मला सांगितलं नाहीस.

चारुदत्त : कुठल्या तोंडाने सांगू?

प्रणिता : त्या बाईला सांगितलंस की. माझ्या नावावर.

चारुदत्त : त्या सांगायच्या ते मी करत गेलो. फरक पडला. आता झोप लागते.

प्रणिता : आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा. तास माझा, सेन्सेई माझ्या, आणि बरा झाला हा. मला आधी सांगितलं असतंस तर मी तुला हाताला धरून नेलं असतं रे तिच्याकडे.

चारुदत्त : माहीत आहे.

प्रणिता : काही माहीत नाही तुला. एक विचारते. मागच्या दिवाळीआधी सेन्सेई म्हणाल्या होत्या, 'झालेलं उकरत बसू नका, माफ करणं तुमच्याच तब्येतीला बरं.' वहीत लिहून ठेवलंय मी ते. त्या खरंच काय म्हणाल्या होत्या?

चारुदत्त : आता आठवत नाही.

सुमेधा : इथे प्रत्येक सत्राची नोंद आहे. बघू का?

चारुदत्त : नको. कपाटं भिंतीला ठोकून घ्या, म्हणाल्या होत्या.

सुमेधा : पाणी देऊ, प्रणिता?

प्रणिता : नको. पुढच्या गुरुवारी मी एकटी आले तर चालेल?

सुमेधा : चालेल. तुम्ही म्हणाल ते इथे तुमच्याच शब्दांत राहील.

चारुदत्त : आणि मी? तू माफ केलंयस मला, प्रणिता. पाडव्याला ओवाळताना, ईश्वरीसमोर, स्वतःहून म्हणाली होतीस.

प्रणिता : सेन्सेईंच्या शब्दावर म्हणाले होते, चारू. त्यांनी तो दिलाच नव्हता.