मुरलेलं कूलंट

(लखनौ, आलमबाग. डिसेंबरातली दुपार. अंगणात जुनी फियाट, बॉनेट उघडं. स्वरदा गाडीपाशी. तिचे वडील आत्माराम वेताच्या खुर्चीत, आई चंद्रप्रभा पायरीवर मटार सोलत.)

आत्माराम : सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण ह्याच फियाटच्या रेडिएटरमधून मी एकदा अख्ख्या मेसला कुल्फी वाढलेली आहे.

स्वरदा : बाबा, ते नंतर. रेडिएटर एवढा तापलाय कसा? मी सकाळपासून गाडीला हात लावला नाही.

आत्माराम : मघाशी जरा मानक नगरपर्यंत चक्कर मारून आणली. उद्या पहाटे तू घेऊन जाणार, म्हटलं निरोप घ्यावा.

स्वरदा : क्या बाबा, आजच? मी कूलंट भरणार हे माहीत असून? आता गार होईपर्यंत झाकण उघडता येणार नाही. उकळतं पाणी सरळ तोंडावर येईल.

आत्माराम : खरंच की. लक्षातच आलं नाही.

चंद्रप्रभा : उभा जन्म डिझेल इंजिनांच्या लॅबमध्ये काढला, आणि इंजिन तापतं हे लक्षात आलं नाही.

आत्माराम : तर गार होईतो ऐक. रानीखेत. तू नोकरीला चाललीस तेच गाव. आपले शेजारचे श्रीपादराव तेव्हा तिथं फौजेत होते, त्यांच्या मेसमध्ये मी उतरलेलो. थंडी अशी, की हाक मारली तर आवाज अर्ध्यात थिजायचा. रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी. सकाळी झाकण काढतो, तर नळीनळीत बर्फाची कांडी. एकेक कांडीला सळई लावली आणि कुल्फीसारखी ओढली बाहेर.

स्वरदा : रेडिएटरच्या नळ्या केवढ्या असतात बाबा? त्यातून मुंगी जाताना अंग चोरते.

आत्माराम : म्हणून तर कर्नलसाहेब म्हणाले, ऐसी नाज़ुक कुल्फी तो चौक में भी नहीं मिलती.

स्वरदा : गंजलेल्या पाण्याची?

आत्माराम : त्यांना वाटलं केशर आहे.

चंद्रप्रभा : रानीखेतला आपण बसनं गेलो होतो. घाटात मला उलट्या झाल्या. फियाट त्यानंतरची, स्वरूच्या बारशाच्या वेळची.

आत्माराम : ते पहिल्यांदा. मी दुसऱ्या खेपेचं सांगतोय.

चंद्रप्रभा : दुसरी खेप झालीच नाही.

स्वरदा : कुल्फी राहू द्या. पण पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून लाटूश रोडवरून हे न गोठणारं हिरवं कूलंट आणलं. जुन्या गाडीला, पितळी रेडिएटरला हेच चालतं.

आत्माराम : श्रीपादरावांनी लाल दिलंय ना, अर्धी बाटली. त्यांच्या जावयाच्या नव्या गाडीचं. तेही घाल त्यात. जरा रंगत येईल.

स्वरदा : हाँ, म्हणजे दोन्हींचा चिखल होऊन बसेल. दुकानवाल्या भैयानं तीनदा बजावलंय, लाल-हिरवं एकत्र करायचं नाही.

आत्माराम : मग नुसतं हिरवंच घाल, पाणी न मिसळता. जितकं दाट तितकं जोरदार.

स्वरदा : नाही ना बाबा. नुसतं घातलं तर उलट लवकर गोठतं, आणि उष्णताही नीट वाहून नेत नाही. निम्मं हे, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तुम्ही ना, मुद्दाम चुकीचं सांगताय.

आत्माराम : परीक्षा घेतोय. एकटी जाणार आहेस.

स्वरदा : एकटी कुठं? उद्याची रात्र बरेलीला कॉलेजातल्या मैत्रेयीकडे. परवा हलद्वानीपासून पुढं घाट. बरं, मी काल ठेवलेले डिस्टिल्ड वॉटरचे कॅन कुठायत?

आत्माराम : एक तो काय तिथं.

स्वरदा : दोन होते.

आत्माराम : दुसरा इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाजला. बिचारी किती तहानलेली होती.

चंद्रप्रभा : बॅटरीला मागच्याच आठवड्यात पाणी घातलं. माझ्यासमोर.

स्वरदा : बाबा.

आत्माराम : मग घाल की नळाचं. लखनौचं पाणी वाईट नाही. ह्या पाण्यानं माझे केस बघ कसे राहिलेत.

स्वरदा : हाँ, सगळे कंगव्यात. नळाच्या पाण्यानं आत खार धरतो. पतेलीच्या बुडाशी जसा पांढरा थर बसतो ना, तसा. मी नाक्यावरून दुसरा कॅन आणते. तोपर्यंत गाडी गार होईल.

चंद्रप्रभा : स्वेटर घाल. ऊन उतरायला लागलं.

स्वरदा : आई, एवढे मटार कशाला सोलतेस? उद्या पहाटे मी जाणार. तुम्हा दोघांना पुरून उरतील.

चंद्रप्रभा : स्वस्त मिळाले.

आत्माराम : आण जा. मी इथंच आहे. गाडीवर लक्ष ठेवतो.

स्वरदा : लक्षच ठेवा फक्त. हात नका लावू.

*

स्वरदा : आणला. नाक्यावर नव्हता, तासभर हिंडावं लागलं. झाकणाला हात लावून बघितलं, आता अगदी गार आहे. हातमोजे घालते आणि जुनं पाणी सोडते. अरे, मी खाली तसराळं ठेवलं होतं ना?

आत्माराम : शेरूला दूध घातलं त्यात.

स्वरदा : नशीब, उलटं नाही झालं. आई, शेरूला मागच्या अंगणात बांध ना. हे कूलंट गोड लागतं, कुत्रं चाटतं आणि जिवाला मुकतं. सांडलं तर लगेच धुवायचं, आणि उरलेलं नालीत ओतायचं नाही.

चंद्रप्रभा : बांधलं मघाशीच. बादली घे.

स्वरदा : सुटलं पाणी. बघा बाबा, तुमचं केशर.

आत्माराम : कर्नलसाहेब असते तर वाटी पुढं केली असती.

स्वरदा : आता एकदा साध्या पाण्यानं खंगाळते. मग मिसळू. पण हे काय? उरलेलं भरून ठेवायला ही बाटली कोणी काढली? खसच्या शरबताची?

आत्माराम : स्वच्छ आहे. बूचही घट्ट बसतं.

स्वरदा : आणि रंगही तोच. मेमध्ये कोणी पाहुणा आला, त्याला शरबत म्हणून हे दिलंत तर?

चंद्रप्रभा : परत ठेवा ती. सरळ विष आहे ते. तेलाचा रिकामा डबा देते, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कुलपात ठेवा.

आत्माराम : ठेवतो बाई. तुम्ही दोघी एक झालात की मी नुसता शिपाई.

स्वरदा : निम्मं, निम्मं. हलवलं. फनेल सरळ धरा. बस. आता इंजिन चालू करते, झाकण उघडंच ठेवून. आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दे. जरा खाली गेलं की वरून हेच मिसळलेलं घालायचं.

आत्माराम : ऐक. किती गोड चालतेय. मांजर घुरघुरतंय जणू.

स्वरदा : बुडबुडे थांबले. वरून भरलं. झाकण लावलं. हो गया. उद्या पाचला निघते, धुकं असलं तर जरा उशिरा.

आत्माराम : उद्या? उद्या कशी निघशील?

स्वरदा : का? आता काय राहिलं?

आत्माराम : मुरायला नको? नवं कूलंट भरलं की दोन दिवस गाडी उभी ठेवायची. मग ते पितळात मुरतं. तसंच घाटात नेलं तर कच्चं राहतं.

स्वरदा : हे कधी नाही ऐकलं.

आत्माराम : पुस्तकात नसतं. आमच्या लॅबमध्ये नवं इंजिन आलं की आम्ही पाणी भरायचो आणि बाहेर बाकावर बसून राहायचो. कोणी बोलायचंसुद्धा नाही. मुरताना बोललेलं त्याला चालत नाही.

स्वरदा : अच्छा. म्हणून तुम्ही रिटायर होईपर्यंत गप्प होतात?

आत्माराम : थट्टा करू नकोस. माझ्यावर विश्वास नसेल तर आईला विचार. ती तर माझी एक गोष्ट सोडत नाही.

स्वरदा : आई, मुरावं लागतं का ग कूलंट?

चंद्रप्रभा : ही शेंग किडकी निघाली.

स्वरदा : आई?

चंद्रप्रभा : हो. लागतं.

स्वरदा : काय?

चंद्रप्रभा : दोन दिवस तरी. मला ठाऊक आहे. ह्यांनी मागं एकदा सांगितलं होतं.

आत्माराम : बघ.

स्वरदा : आई, इकडं बघ. मटार नको बघूस, माझ्याकडं बघ.

चंद्रप्रभा : बघतेय की.

स्वरदा : जॉइनिंग सोमवारी आहे. आज गुरुवार. दोन नाही, एक दिवस थांबते; शनिवारी पहाटे निघाले, बरेलीला थांबले, तरी रविवारी पोचते. मैत्रेयीला एसटीडी बूथवरून कळवून टाकते. बाबांचं ठीक आहे, ते रेडिएटरमधून कुल्फी काढतात. पण आई, तू माझ्यासमोर आज पहिल्यांदा खोटं बोललीस, आणि तेही कूलंटबद्दल. दे ते मटार इकडं, अर्धे मी सोलते.