खिडकीतले काका

डोळ्यांच्या दवाखान्यात घड्याळवाले आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते. चाळीस वर्षं भिंगातून बारीक चाकं बघून उजवा डोळा आता दगा द्यायला लागला होता. कान मात्र शाबूत होते, आणि शेजारच्या बाकावर दोन मुलींच्या गप्पा रंगल्या होत्या.

“तुमची गल्ली काय भारी आहे गं! किती ती कॉफीची दुकानं!”

“कॉफी काय, सगळीकडेच मिळते. पण आमच्याकडे ते खिडकीतले काका आहेत ना!”

“डोळ्याला भिंग लावून बसतात ते? मी त्यांचा फोटो टाकला होता.”

“सगळेच टाकतात. चेहरा दिसतच नाही, नुसतं टक्कल. तेच तर कूल!”

घड्याळवाल्यांचा हात टोपीकडे गेला.

“खरंच दुरुस्त करतात का गं ते?”

“छे! कॉफीवाल्यांनी बसवलेत. भिंतीवरच्या एका तरी घड्याळात बरोबर वेळ असते का?”

“अगं हो की!”

ती दुरुस्तीला आलेली घड्याळं आहेत, एवढंच सांगायला घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं, पण मुली पुढच्या प्रश्नावर पोचल्याही होत्या.

“पगार देत असतील?”

“मग काय! फुकट दिवसभर मान खाली घालून कोण बसेल?”

“आणि उद्या ते आलेच नाहीत तर?”

“दुसरे बसवतील. टेबल, भिंग, सगळं आहेच की तिथे.”

तेवढ्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी हाक मारली.

“या काका, तुमचा नंबर. काम काय करता?”

घड्याळवाले टोपी घट्ट धरून उठले.

“खिडकीत बसतो,” ते म्हणाले.